ह्यो चालंल का?

पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर खेकडा बसलाय. उजवी नांगी अजून लागायची आहे; तिथे नुसती तार डोकावतेय. पाठीचं कवच अर्धंच चढलंय, त्यामुळे आतली चंदेरी फॉईल उघडी दिसते. ती मान खाली घालून दाभणाच्या टोकानं त्याच्या शेवटच्या पायाच्या नखावर रेघा ओढतेय. एक रेघ झाली की दाभण अंगठ्यावर पुसायचा, मग दुसरी.

"नखाला उभ्या पन्हळी असतात, मावशी," ती मान वर न करता सांगते. "आणि कडेनं बारीक काटे. काटे शेवटी लावणार. टूथब्रशचे केस कापून ठेवलेत."

भोरजवळच्या आंबवड्यात आज पहाटेपासून पाऊस धरून आहे. समोरच्या खाचरांत लावणीची घाई चाललीय. ऐन कामाच्या दिवसांत पडवीत बसून कुणी खेकडे घडवावेत, हे शेजारपाजारच्यांना अजून नीटसं पचलेलं नाही. आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, पचलंय. ते दारात बसून सुतळीचा गुंता सोडवतायत आणि मधूनमधून टाइलकडे नजर टाकतायत. पुण्यात चित्रकला शिकून आलेली नात गावाकडे राहून पोट भरतेय, एवढं त्यांना पुरेसं आहे. आजीचं मत वेगळं आहे, पण ती आत भाकऱ्या करतेय.

टाइलशेजारी क्लेच्या वड्या मांडल्यात. एकेक वडी ५७ ग्रॅमची, परदेशी वेष्टणातली, आणि किमतीच्या मानानं फारच लहान. ही माती नव्हे. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट रसायन यांचा तो लगदा. पाण्याचा आणि त्याचा संबंध नाही. पावसाळी हवेत तो ओलावत नाही, की उन्हात नुसता ठेवून वाळत नाही. शाडूवाल्यांना आषाढ म्हणजे डोकेदुखी. पेणच्या कारखान्यांतही या दिवसांत मूर्ती वाळता वाळत नाहीत. हिला ती काळजी नाही. उष्णता मिळाली की पूड ते रसायन पिऊन घेते, कण फुगून एकमेकांत मिसळतात आणि वस्तू कडक होते. तोवर आज अर्धा पाय करा, उरलेला पुढच्या आठवड्यात.

तिची काळजी दुसरीच आहे: धूळ. फिक्या क्लेला घरातला प्रत्येक कण चिकटतो. ती दर थोड्या वेळानं ओल्या कागदी रुमालानं हात पुसते. मांजराला पडवीत यायला बंदी आहे. मी लोकरीचा स्वेटर घालून आले होते, तो मला आल्याआल्या काढून खुंटीला टांगावा लागलाय. टाइल वापरण्याचंही कारण आहे. कच्ची क्ले काही प्लास्टिकना आणि टेबलाच्या पॉलिशला खाते. टाइलला काही होत नाही, आणि घडवलेली वस्तू न हलवता टाइलसकट ओव्हनमध्ये जाते.

या पदार्थाचा जन्म बाहुल्यांच्या घरातला. केटे क्रूझ ही जर्मनीतली नावाजलेली बाहुल्यावाली. तिची मुलगी सोफी, घरातली फिफी, हिनं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाहुल्यांची डोकी घडवण्यासाठी हे रसायन हाताळून पाहिलं. १९६४ मध्ये ते एबरहार्ड फाबर या पेन्सिलींच्या कंपनीकडे गेलं आणि पुढे फिमो नावानं दुकानांत आलं. बाहुलीच्या गालासाठी आलेली वस्तू आंबवड्यात खेकड्याच्या कवचाला लागतेय, याची तिला मोठी गंमत वाटते.

नखं झाली. आता ती पाठ घेते. फॉईलचा घट्ट गोळा हे पोट. भरीव क्लेचं केलं तर वजन वाढतं, पैसे जातात, आणि जाड थर आतपर्यंत नीट भाजला जात नाही. फॉईलवर क्लेचा पातळ पापुद्रा ओढून ती बोटाच्या पेरानं तो मागे रेटत नेते. कवचाच्या मधोमध एक पुसट खळगा असतो, इंग्रजी एच अक्षरासारखा. तो ती काचेच्या गोळीनं दाबते. मग फॉईलचा चुरगाळलेला बोळा घेऊन कडेकडेनं टिपत जाते, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर एकदम दाणा उठतो. मी पुढे वाकून बघते. दोन मिनिटांपूर्वी चॉकलेटी पीठ होतं, आता त्याला वय आलंय.

तात्या येतात ते याच वेळी. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, गुडघ्यापर्यंत चिखल. लावणीतून चहाला उठलेत. कागद ओसरीबाहेर झटकून ते उकिडवे बसतात आणि टाइलकडे बघत राहतात. बराच वेळ बघतात.

"ह्यो चालंल का?"

"चालेल की, तात्या. रंग व्हायचाय अजून."

"तसं न्हाय गं. पायांवं चालंल का म्हन्तो मी. ह्यो मेल्याला हाय."

ती दाभण खाली ठेवते.

"का?"

"सगळं पाय सारखं हायती की. दोनी अंगाला मोजून ठेवल्यावानी. आनि प्वाट टेकलंय. जिता खेकडा प्वाट टेकून बसतो व्हय? मेला की आसा पसरतो."

आबा सुतळी सोडून हसतात. ती हसत नाही. ती मोबाइल उघडते, ज्यावरून काम चाललंय ते फोटो तात्यांपुढे धरते. वरून घेतलेले, स्वच्छ, आठही पाय आणि दोन्ही नांग्या नीट पसरलेल्या. तात्या एकेक फोटो बघतात आणि मान हलवतात. "ह्ये बी मेल्यालंच."

आणि ते खरं आहे. ते फोटो संग्रहातल्या नमुन्यांचे आहेत. शास्त्रज्ञाला प्रत्येक सांधा दिसायला हवा असतो, म्हणून खेकडा मेल्यावर पाय सारखे पसरून मांडायचे, ही तिथली रीत. या भागातला नेहमीचा मोठा खेकडा विज्ञानाच्या दप्तरी दाखल झाला तोही असाच, दूरच्या टेबलावर. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनभर आकडेवारी गोळा करत हिंडला आणि सोबत पशुपक्ष्यांचे नमुनेही जमवत गेला. त्याच्या टिपणासह वेस्टवुडनं या खेकड्याचं वर्णन १८३६ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात छापलं. आजचं नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या नव्या जाती अजूनही सापडतायत. २०१६ मध्ये एकाच शोधनिबंधात पाच जाहीर झाल्या. त्यांचेही फोटो तसेच, पाय पसरलेले. ओळख पटवायला ते उत्तम. त्यावरून शिल्प करायला बसलं की खेकडा हुबेहूब होतो आणि मेलेलाच राहतो.

ही अडचण नवी नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला लिओपोल्ड आणि रुडोल्फ ब्लाश्का हे बापलेक काचेचे समुद्री जीव घडवायचे: जेलीफिश, समुद्रफुलं, गोगलगाई. युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांनी ते विकत घेतले, कारण असले मऊ जीव स्पिरिटच्या बाटलीत रंग आणि आकार दोन्ही घालवून बसतात. सुरुवातीची कामं त्यांनी पुस्तकांतली चित्रं बघून केली. पुढे मात्र घरात खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवून जिवंत प्राणी समोर ठेवले. आंबवड्यात मत्स्यालय नाही. धाकट्या भावाला हाक मारली की भागतं.

"बादली घे आणि बांधावर जा."

तो पाचव्या मिनिटाला परत येतो. इथे या दिवसांत खेकडा शोधावा लागत नाही. भाताच्या बांधाला तो बिळं पाडतो, रात्रीतून खाचराचं पाणी खालच्या शेतात उतरतं, आणि सकाळी शिव्या खातो. बादलीतला गडी मळकट तांबूस रंगाचा आहे, पाठ जेमतेम माझ्या मुठीएवढी. उजवी नांगी डावीच्या जवळजवळ दीडपट. तात्या बादलीत हात घालतात, मागच्या बाजूनं अंगठा आणि बोट कवचावर दाबून त्याला उचलतात आणि उलटा करून दाखवतात. पोटावरची पट्टी निमुळती, म्हणजे नर. मादीची रुंद असते, पार कडेपर्यंत. त्या झाकणाखाली ती अंडी आणि पुढे पिलंही बाळगते. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिलं अंड्यातून थेट चिमुकले खेकडे होऊनच बाहेर येतात. "तसली घावली तर सोडून द्येतो आमी," तात्या सांगतात. सगळेच सोडत असतील असं त्यांच्या तोंडाकडे बघून वाटत नाही.

त्याला परातीत सोडतात. परात कललेली, एका कडेला बोटभर पाणी. पहिल्यांदा तो नुसता थांबतो. आणि हे थांबणंच बघण्यासारखं आहे. पोट परातीपासून वर, मागची बाजू किंचित उचललेली. भार मधल्या दोन जोड्यांवर. सर्वांत मागचा उजवा पाय जवळजवळ हवेत, टेकल्यासारखा करून न टेकलेला. मोठी नांगी जड, म्हणून अंग त्या बाजूला जरासं झुकलंय. तोंडापाशी फेस येतोय आणि त्यातले बुडबुडे एकेक करून फुटतायत. धाकटा गवताची काडी पुढे करतो तसा एक डोळा खटकन आडवा होऊन खोबणीत जातो. दुसरा तसाच ताठ.

"एकच डोळा मिटला," ती म्हणते आणि वहीत चार रेघा मारते.

मग तो चालतो. ज्या बाजूला जायचं त्या बाजूचे पाय पुढे रोवून ओढतात, पलीकडचे ढकलतात. सांधे एकाच दिशेनं वाकणारे, त्यामुळे तिरकं चालणं त्याला सोपं. तात्या काहीच सांगत नाहीत, चहा पितात. सांगायची गरज उरलेली नाही. परातीतल्याकडे बघून टाइलवरच्याकडे बघितलं की आपलंच आपल्याला कळतं. टाइलवर दाणेदार कवच आहे, पन्हळी नखं आहेत, सांधे मोजून बरोबर आहेत, आणि तो कुठेही निघालेला नाही.

गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर आठवतो. मूर्तिकार सोंडेच्या वळणावर, पितांबराच्या चुण्यांवर जीव टाकतात, आणि उंदराच्या वाट्याला कसलंसं गुबगुबीत जनावर येतं. घराघरांत फिरणारा हाच एक प्राणी, आणि सगळ्यांत कमी बघितलेला तोच.

क्ले अजून कच्ची आहे म्हणून बरं. ती प्रत्येक पायाच्या मुळाशी चिमटा लावते. आत बाइंडिंग वायर आहे, लोखंडी सळ्या बांधायला गवंडी वापरतात ती. तार वाकते, वरची क्ले सांध्यापाशी फाटते. मघाशी इतक्या निगुतीनं ओढलेल्या रेघा चिरडल्या जातात. ती थांबत नाही. मधले पाय खाली रोवते, मागचा उजवा उचलते, फॉईलच्या पोटाखाली काडेपेटीचा तुकडा सरकवून अंग वर घेते. फाटलेले सांधे नव्या क्लेनं भरते. मोठी नांगी बसवल्यावर सगळा खेकडा उजवीकडे कलतो. मग भिंगाच्या मण्याएवढी काळी गोळी दाबून ती डोळा करते, पण एकच. दुसऱ्याची गोळी खोबणीत आडवी निजवते.

मग खडू. कोरड्या पेस्टल खडूची कांडी पात्यानं खरवडून पूड करायची आणि मऊ ब्रशनं कच्च्या क्लेवर फिरवायची. ती भाजताना आत धरते, वरून लावलेल्या रंगासारखी दिसत नाही. सांध्यांच्या बेचक्यांत पिवळट, नांगीच्या टोकाला फिकट, पाठीवर तपकिरीत तांबूस. हात इतका हलका की ब्रश टेकतोय की नाही कळू नये.

ओव्हन पडवीतच आहे, स्वयंपाकघरात त्याला मज्जाव. हा आजीचा हुकूम, आणि तो शास्त्राला धरूनच आहे: यात खाण्याचं काही भाजायचं नाही, आणि प्रमाणाबाहेर तापून क्ले जळली तर डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड निघतो. बटणावरच्या आकड्यावर तिचा विश्वास नाही. आत वेगळा थर्मामीटर टांगलाय. ११० अंश, अर्धा तास. टाइल आत जाते. काचेमागे खेकडा पिवळ्या उजेडात उभा आहे. प्लास्टिकचा हलका वास सुटतो.

आणि लाइट जाते.

"अर्धवट भाजलं गेलं की संपलं ना?" मी विचारते.

"नाही. परत भाजायचं. कितीदाही. कमी भाजलेलं ठिसूळ राहतं, तेवढंच. दार उघडू नका फक्त."

मातीच्या भट्टीनं कुंभाराला अशी सवलत दिल्याचं ऐकलेलं नाही.

लाइट येईपर्यंत आम्ही ओढ्याकडे निघतो. तिला खेकड्याखाली ठेवायला दगड घडवायचाय. नागेश्वराकडे जाणारा झुलता पूल ओला आहे, पाय टाकला की अंगाखाली हलतो. खाली ओढा तांबडा होऊन धावतोय, दोन्ही काठांना जुनी दाट झाडी. लोक आंबवड्याला येतात ते या देवळासाठी आणि समाध्यांसाठी. कान्होजी जेध्यांची समाधी इथली, जिवा महालांचीही इथलीच. भोरच्या सचिव घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांनी १७०७ मध्ये देह ठेवला तोही इथेच. शाहू महाराज की ताराबाई, या पेचातून सुटायला त्यांनी मरण पत्करलं असं सांगतात. शाळांच्या सहली येतात, फलक वाचले जातात. ती फलकांकडे बघतसुद्धा नाही. काठाच्या चिखलात उतरून दगड उलटे करतेय.

काळा दगड, बारीक भोकाभोकांचा. काही भोकांत पांढरं स्फटिक. एका अंगाला शेवाळ, दुसऱ्यावर राखाडी दगडफुलाचे चट्टे. ती एकाला नख लावून बघते, दुसरा पिशवीत टाकते. खरा दगडच का नाही वापरत, असं विचारल्यावर म्हणते, पार्सलचं वजन. तिचे खेकडे, बेडूक, घोणस, पाली गिऱ्हाइकांच्या दिवाणखान्यांत जातात, आणि कुरियरवाला ग्रॅमवर पैसे घेतो. या दगडावर फॉईल दाबून ठसा घ्यायचा, ठशात क्ले दाबायची. भोकं सुईनं.

मला एक गोष्ट खटकत होती, ती मी परतताना बोलून टाकते. ओढ्याकाठचा जीव, आणि कायमचा प्लास्टिकमध्ये?

"शाडूत केला तर याचा एक पायसुद्धा भोरपर्यंत पोचायचा नाही," ती म्हणते. "तुकडे मात्र टाकत नाही मी. सगळे पोटात भरते." भरते हे मी पाहिलंय, फॉईलच्या गोळ्यावर पहिला थर रंगीबेरंगी उरलेल्या क्लेचाच होता. तरी माझी शंका पुरती मिटत नाही.

घरी पोचतो तर आजी आमच्या जागेवर बसून थंड ओव्हनच्या काचेत डोकावतेय. "नागपंचमीला मी चिखलाचा नाग करते," ती मला ऐकवते, "दोन येटोळी, वर फना, डोळ्यांला जवारीचं दानं. झाला. पोरीला एका खेकड्याला आठवडा." नात म्हणते, तुझ्या नागाला बघायच्या आधीच लोक हात जोडतात, आजी. आजीला हे उत्तर आवडलेलं दिसतं, पण ती तसं कबूल करत नाही.

लाइट येते. पुन्हा अर्धा तास. थंड झाल्यावर ती नखानं पाठीवर टिचकी मारते. आवाज कोरडा, टणक येतो. आता रंगाचा शेवटचा हात. पाण्यात पातळ केलेला गडद तपकिरी अॅक्रिलिक सगळ्या अंगाला फासते, खेकडा चिखलात लोळून आल्यासारखा होतो, आणि लगेच फडक्यानं पुसून काढते. उंचवट्यावरचा निघून जातो, पन्हळींत, दाण्यांच्या मधल्या फटींत तेवढा राहतो. पाठीला बिनचकाकीचं वॉर्निश. चकाकी फक्त उघड्या डोळ्याला, तोंडापाशी आणि सांध्यांच्या पापुद्र्याला. "सगळीकडे चमक दिली की खेळणं होतं," ती म्हणते. तोंडाशी यूव्ही रेझिनचे तीन थेंब टाकते, सुईनं त्यांत हवा भरते आणि नखं वाळवायच्या दिव्याखाली धरते. बुडबुडे तिथेच थिजतात.

संध्याकाळी तात्या पुन्हा येतात, या वेळी हातपाय धुऊन. खेकड्याभोवती उकिडवेच एक फेरी मारतात.

"आता निगालाय," ते म्हणतात. मग जरा थांबून, "फुडचा डावा पाय अजून इचार करतोय."

ती बघते. खरंच, तो पाय ना टेकलेला, ना उचललेला. भाजून झालंय, आता वाकणार नाही. पुढच्या खेकड्यात बघू, असं ती म्हणते. तात्या किंमत विचारतात. ती सांगते. तात्या आबांकडे बघतात, आबा सुतळीकडे.

"आगं, मग उद्यापास्नं मीच बांधावरचं धरून आन्तो. तू निस्ता रंग मार."

"जिवंत खेकडा कुरियरवाले घेत नाहीत, तात्या."

"मग यष्टीनं धाड की," तात्या म्हणतात आणि बादलीतला खेकडा बघायला उठतात. बादली रिकामी आहे. आतून फोडणीचा वास येतोय.